रिकाम्या झालेल्या घरांविषयी

बुद्धिबळ स्पर्धेच्या हॉलबाहेरच्या जिन्यावर दोन मुलं बसली होती. दहा-अकरा वर्षांची असतील. दोघांचा एकमेकांशी डाव नुकताच संपला होता आणि कोण हरलं ते चेहऱ्यांवरून अजिबात कळत नव्हतं. मधे पट नव्हता, मोबाइलही नव्हता. एकाच्या हातात पाण्याची बाटली होती, ती तो तालात गुडघ्यावर आपटत होता. ‘मी नाइट एफ फाइव्ह केलं असतं तर?’ ‘मी खाल्ला असता.’ ‘मग मी पण खाल्ला. मग क्वीन जी फोर, चेक.’ ‘चेक कसला? जीवर माझा पॉन आहे.’ ‘कुठाय? एच सिक्सला खाल्लंस तेव्हाच गेला ना तो.’ बाटली थांबली. ‘हां, गेला.’ बाटली परत सुरू. मी दोन पायऱ्या वर बसून पुढच्या फेरीची वाट बघत हे सगळं ऐकत होते. (नाइट म्हणजे घोडा, क्वीन वजीर, पॉन प्यादं. पटाच्या उभ्या पट्ट्यांना ए ते एच ही अक्षरं आणि आडव्या ओळींना एक ते आठ हे आकडे असतात, त्यावरून घराचं नाव ठरतं.) त्यांच्या टेबलामागे उभं राहून डावाचा शेवटचा भाग मी पाहिला होता, त्यामुळे ते कुठल्या स्थितीबद्दल बोलतायत हे मला ठाऊक होतं. तरीही एफ-५ वरच्या मारामारीनंतर माझ्या डोक्यातला पट विरघळायला लागला आणि जीच्या पट्टीवरचं ते मेलेलं प्यादं मला अजून तिथेच उभं दिसत होतं. माझ्या कपाळावरच्या आठ्या बाटलीवाल्याने बघितल्या असाव्यात. अगदी अदबीने त्याने विचारलं, ‘काकू, तुम्हाला पट हवाय का?’

नको म्हटलं. हवा होता.

लहान मुलांकडून हरण्याची बुद्धिबळात सवय होऊन जाते, त्याचं काही वाटेनासं होतं. समोर बसलेल्याचे पाय जमिनीला टेकत नाहीत आणि तो आपला वजीर घेऊन जातो, हे मोठेपणी खेळायला लागलेल्या प्रत्येकाने सोसलेलं असतं. त्यामुळे मुलं हुशार आहेत ही गोष्ट मला टोचली नव्हती. टोचलं ते वेगळंच. तो दुसरा मुलगा आणि मी, आम्हा दोघांनाही एकच प्यादं एकाच चुकीच्या जागी दिसत होतं. त्याने ते क्षणात पुसून टाकलं. मला मात्र ‘गेलं’ हे कळूनही ते तिथून हलवता येईना. म्हणजे आमच्या दोघांत फरक दिसण्याचा नव्हताच, असलाच तर पुसण्याचा होता. हा विचार तेव्हा इतका स्पष्ट नव्हता, नुसतीच एक कुरकुर होती. पण पुढच्या फेरीत चाली मोजताना ती मधेमधे डोकं वर काढत राहिली.

निकोलाय क्रोगियस नावाचे एक सोव्हिएत ग्रँडमास्टर होते, पेशाने मानसशास्त्रज्ञ. खेळाडूंच्या मनातल्या पटावर काय काय बिघडतं याची त्यांनी नीट प्रतवारी लावली. त्यातला एक बिघाड हाच : मोहरा हललेला असतो, मारला गेलेला असतो, पण त्याची प्रतिमा जुन्या घरात मागे रेंगाळते आणि पुढचा सगळा हिशोब ती बिघडवते. घरातला दिव्याचा स्विच दुसऱ्या भिंतीवर नेला तरी अंधारात हात जुन्याच भिंतीवर चाचपत राहतो, तसं. दुसरा बिघाड याच्या उलटा. पुढे येऊ घातलेला धोका मनात इतका मोठा होतो की तो आत्ताच पटावर आल्यासारखा आपण त्याच्याशी लढत बसतो. आणखी एक आहे, तो मला सगळ्यात कपटी वाटतो. डाव जिंकलाच आहे असं एकदा मनाने घेतलं की स्थिती गोठते, आणि समोरच्याकडेही अजून चाली शिल्लक आहेत हे डोक्यातच येत नाही.

हे वाचल्यावर मला पहिल्यांदा जाणवलं की पट समोर असणं ही जितकी सोय आहे तितकीच अडचणही आहे. समोरचा पट फक्त आत्ताचं सांगतो. पहिली चाल मनात केली की तो थोडासा खोटा होतो, चौथ्या-पाचव्या चालीला बराच खोटा होतो, पण डोळे त्याच्यावरच विश्वास ठेवतात. लाकडाचा खराखुरा घोडा जिथे उभा आहे तिथे तो नाही असं समजायचं, आणि जिथे काहीच नाही तिथे आहे असं समजायचं, हे डोळ्यांच्या स्वभावाविरुद्धच आहे. वासिली इव्हानचुकसारखा ग्रँडमास्टर डाव चालू असताना छताकडे एकटक बघत बसतो. पूर्वी मला ते विक्षिप्तपणाचं वाटायचं. आता वाटतं, तो पटाच्या तावडीतून सुटायला बघत असेल.

पण छताकडे बघून दिसणार काय? माझी समजूत अशी होती की थोर खेळाडूंच्या डोक्यात एक लख्ख चित्र असतं. चौसष्ट घरं, बत्तीस मोहरे, त्यांच्यावर पडलेला उजेडसुद्धा. आपल्याकडे ते चित्र नाही म्हणजे ती देणगीच नाही, असं म्हणून मी बरीच वर्षं विषय मिटवला होता. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांचीही सुरुवातीची कल्पना काहीशी अशीच होती. पट न बघता खेळणाऱ्यांचा त्यांनी अभ्यास केला आणि १८९४ साली तो प्रसिद्ध केला. चांगल्या खेळाडूंनी त्यांना जे सांगितलं ते त्या कल्पनेच्या विरुद्ध जाणारं होतं. मोहऱ्यांचे आकार, रंग, लाकूड यातलं फारसं काही त्यांना दिसत नव्हतं. उंट दिसत नव्हता, पण त्याची तिरकी रेघ कुठवर पोचते हे ठाऊक असायचं. हत्ती दिसत नव्हता, पण पट्टीवरचा त्याचा दाब जाणवायचा. मला हे वाचून केवढं हलकं वाटलं! डोळे मिटल्यावर मलाही चित्र वगैरे दिसत नाही. एक अंधुक राखाडी काहीतरी असतं आणि त्यात काही जागा जड लागतात, काही हलक्या. एवढ्या भांडवलावर धंदा चालतो हे कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मग सराव सुरू केला. घरांच्या रंगांपासून. एफ-५ कुठल्या रंगाचं? पांढरं. जी-५? काळं. एच-१, पांढरं. हे पाढ्यांइतकं कंटाळवाणं असतं आणि पाढ्यांसारखंच एके दिवशी आपोआप यायला लागतं. त्यानंतर घोडा. पटाच्या कोपऱ्यातल्या ए-१ वरून अगदी शेजारच्या, कोपऱ्याला कोपरा लागून असलेल्या बी-२ वर जायला घोड्याला किती चाली लागतील? चार. बी-३, सी-५, डी-३, मग बी-२. आणि तिथूनच निघून पार पलीकडच्या टोकाला एच-८ गाठायला सहा. शेजारच्या घरासाठी चार आणि सगळा पट ओलांडायला फक्त दोन जास्त, ही घोड्याची तऱ्हा मनातल्या मनात चालून बघितल्यावर जी कळते ती पटावर घोडा फिरवून कळत नाही. तिथे हात काम करतो आणि डोकं बसून राहतं.

पण खरी गोडी लागली ती रेटीच्या प्रसिद्ध रचनेने, म्हणजे त्याने मुद्दाम मांडलेल्या एका कोड्याने. बुद्धिबळपटू रिचर्ड रेटी, साल १९२१. मोहरे फक्त चार, त्यामुळे पट न घेता ही रचना सहज डोक्यात मावते. पांढरा राजा एच-८ वर, पार कोपऱ्यात. पांढरं प्यादं सी-६ वर. काळा राजा ए-६ वर, काळं प्यादं एच-५ वर. चाल पांढऱ्याची, आणि त्याने बरोबरी करून दाखवायची. वरवर बघता हे अशक्य आहे. काळं प्यादं पटाच्या शेवटच्या ओळीवर पोचून वजीर व्हायला पळत सुटलंय आणि पांढऱ्या राजाला ते गाठता येणार नाही, त्याला दोन पावलं कमी पडतात. पांढरं प्यादं तर काळ्या राजाच्या तोंडाशीच आहे. मग करायचं काय?

राजा तिरका चालतो. जी-७.

काळं प्यादं एच-४ वर. राजा एफ-६. आता काळ्याने प्यादं एच-३ वर ढकललं तर पांढरा राजा ई-७ ला जाऊन स्वतःच्या प्याद्याला हात देतो : एच-२, सी-७, काळा राजा बी-७, पांढरा राजा डी-७, आणि दोघांचेही वजीर होतात, म्हणजे बरोबरी. काळा एवढा भोळा नाही, त्यामुळे तो आधी राजा बी-६ वर आणून सी-६ चं प्यादं खायला निघतो. तेव्हा पांढरा राजा ई-५. याच एका घरात सगळी जादू आहे. तिथून तो दोन्हीकडे पोचतो. काळ्याने प्यादं खाल्लं तर राजा एफ-४ वर, आणि पळणारं प्यादं सापडलं. प्यादं पळवलं तर राजा डी-६, एच-२, सी-७, आणि पुन्हा दोघांचे वजीर. तिरक्या वाटेवरच्या प्रत्येक पावलाने राजा दोन कामांच्या जवळ गेला आणि त्यातलं कुठलं करायचं हे काळ्यावर सोडलं.

मी हे झोपण्यापूर्वी अंधारात पडून करायचे. पहिल्यांदा जे झालं ते जिन्यावरच्या प्रकारासारखंच होतं. काळं प्यादं एच-४ वर गेलं हे मी स्वतः म्हटलेलं, पण राजा एफ-६ वर आला की मला ते पुन्हा एच-५ वर दिसायचं. मग राजा जी-५ ला जाऊन त्याला धरेल असं वाटून सुटलोच म्हणायचं. इतकं सोपं कसं, अशी शंका यायची आणि पुन्हा पहिल्यापासून. चारच मोहरे, एकही मारामारी नाही, तरी ते प्यादं आपली जुनी जागा सोडायला तयार नाही. शेवटी मी एक उपाय काढला, तो कुठल्या प्रशिक्षकाला पटेल की नाही कोण जाणे. नेहमीची शिकवण अशी असते की लांबलचक फांदी, म्हणजे एकामागून एक चालींची मालिका, मोजताना मधेच थांबा, श्वास घ्या, आणि कुठला मोहरा कुठे आहे ते मोठ्याने म्हणा. मी मोहऱ्यांची नावं घेणं सोडून दिलं. थांबून फक्त एवढंच म्हणायचं : कुठलं घर रिकामं झालं? एच-५ रिकामं. एच-८ रिकामं. मोहऱ्याची नवी जागा बहुतेक वेळा लक्षात असते, कारण आत्ताच आपण त्याला तिथे ठेवलेलं असतं. जुनं घर मात्र कोणीतरी मुद्दाम झाडून काढावं लागतं. आणि ते झाडून झालं की अचानक रेघा मोकळ्या होतात. उंटाची तिरकी उघडते, पट्टी उघडते, घोडा गेल्याने मागचा वजीर बोलायला लागतो. डावातल्या निम्म्या चमकदार चाली मोहरा कुठे गेला यात नसतात, तो कुठून उठला यात असतात.

पुढच्या चाली अशा मनात मोजण्याला गणना म्हणतात. हा शब्द मोठा शिस्तीचा वाटतो. सोव्हिएत ग्रँडमास्टर अलेक्झांडर कोतोव यांनी तर तिचा वृक्षच उभा केला : आधी विचार करण्याजोग्या चाली निवडा, मग एकेक फांदी शेवटपर्यंत मोजा, आणि प्रत्येक फांदीवर एकदाच चढा, परत परत नाही. ऐकायला भव्य आहे. पण त्याच्या कितीतरी आधी आद्रियान द ख्रोट या डच मानसशास्त्रज्ञाने खेळाडूंना मोठ्याने बोलत विचार करायला लावलं होतं, त्यात आलेखिन आणि युवे यांच्यासारखे जगज्जेतेही होते, आणि १९४६ साली त्याने जे मांडलं ते या वृक्षाला फारसं जुळत नाही. ही थोर मंडळी पुन्हा पुन्हा त्याच चालीकडे परत येतात, दर फेरीला जरा खोल जातात, मधेच दुसरीकडे डोकावतात, पुन्हा परत. शिवाय ग्रँडमास्टर इतर चांगल्या खेळाडूंपेक्षा फार खोलवर मोजतात असंही त्याला आढळलं नाही. ते आधीच योग्य जागी बघत असतात, एवढंच.

मी कोतोव यांचा मान ठेवूनही द ख्रोटच्या बाजूची आहे. एकदाच चढायचं हे मला कधीच जमलेलं नाही, आणि जमवायचा प्रयत्न केला की कोतोव यांनीच वर्णन केलेला रोग होतो. एक चाल मोजा, दुसरी मोजा, पुन्हा पहिली, पुन्हा दुसरी, कशानेच समाधान नाही, घड्याळ धावतंय, आणि मग अचानक जिच्याकडे बघितलंच नव्हतं अशी तिसरीच चाल खेळून मोकळं व्हायचं. यावरचा जुना उतारा ब्लूमेनफेल्ड या सोव्हिएत खेळाडूच्या नावावर आहे : विचार संपला की चाल आधी कागदावर लिहा, मग डोकं वर काढून पटाकडे अगदी नवख्याच्या नजरेने एकदा बघा. एका चालीत मात तर होत नाही ना? वजीर फुकट तर जात नाही ना? यातलं आधी लिहिणं आता नियमात बसत नाही, चाल खेळल्यावरच लिहायची असते. पेन मिटून ठेवून नुसतं बघायला कोणाची हरकत नाही, तरी फार थोडे बघतात. इतकी मेहनत करून पटाच्या तावडीतून सुटायचं आणि शेवटच्या क्षणी पुन्हा त्याच्याच पायाशी यायचं, यातली गंमत मला आवडते.

फोनवरच्या कोड्यांबद्दल मात्र माझं मत चांगलं नाही. कोडी वाईट नाहीत, ती सोडवायची रीत वाईट आहे. पहिली चाल बोटाला सुचते, बोट ती करून टाकतं, यंत्र उत्तर देतं, आणि आता पट खरोखरच बदललेला असतो. मनात बदलायची गरजच उरत नाही. अशी शेकडो कोडी सोडवणारा माणूस शह आणि मारामारी ओळखण्यात तरबेज होतो, पण रिकामं झालेलं घर झाडून काढायची वेळ त्याच्यावर एकदाही येत नाही. मी आता हाताची घडी घालून बसते. शेवटच्या चालीपर्यंत मोजून झाल्याशिवाय बोट लावायचं नाही. यामुळे माझं कोड्यांचं रेटिंग वाढलं की घसरलं याची चर्चा नको.

पटाशिवाय खेळण्याच्या जाहीर प्रयोगांविषयी माझ्या मनात कौतुक आणि धास्ती दोन्ही आहे. मूळचा पोलंडचा, पुढे अर्जेंटिनात स्थायिक झालेला ग्रँडमास्टर मिगेल नायडॉर्फ १९४७ साली साओ पाउलोत ४५ पटांवर एकाच वेळी, एकही पट न बघता खेळला आणि त्यातले ३९ डाव जिंकला. युद्धात पोलंडमधल्या घरच्यांचा ठावठिकाणा लागत नव्हता, असा विक्रम केला तर बातमी त्यांच्यापर्यंत पोचेल, अशी आशा त्याच्या या प्रयोगांमागे होती. ती फळाला आली नाही. या कारणापुढे तो आकडा मला लहान वाटायला लागतो. २०१६ साली ग्रँडमास्टर तिमूर गारेयेव्ह ४८ पटांवर खेळला, तेही व्यायामाच्या सायकलवर बसून. सोव्हिएत संघाने तर १९३० सालीच असे सामूहिक प्रयोग प्रकृतीला घातक म्हणून बंद करून टाकले होते. सर्कस म्हणावी तर तसंही नाही. १९९२ ते २०११ मोनॅकोची स्पर्धा दरवर्षी होत होती, तिथे आनंद, क्रामनिक यांच्यासारखे खेळाडू रिकामा पट दाखवणाऱ्या पडद्यासमोर बसून एकमेकांशी निगुतीने खेळायचे, आणि ते डाव वाचताना पडद्यावर मोहरे नव्हते हे सांगावं लागतं.

आणि तरीही हे सगळं स्मरणशक्तीचं काम नव्हे, हे चेस आणि सायमन या दोन अमेरिकन संशोधकांनी १९७३ साली दाखवलं. खऱ्या डावातली स्थिती काही सेकंद दाखवली तर तरबेज खेळाडू ती जवळपास जशीच्या तशी मांडतो, नवखा चार-पाच मोहऱ्यांत गडबडतो. तेच मोहरे पटावर कसेही विस्कटून ठेवले की दोघांमधला फरक जवळजवळ नाहीसा होतो. तरबेज माणूस सुटे मोहरे लक्षात ठेवतच नाही. किल्लेकोट झालेला राजा, त्याच्यापुढची तीन प्यादी आणि शेजारचा घोडा हे त्याच्या लेखी एकच सामान असतं. याचा अर्थ घरांचे रंग पाठ करत बसण्यापेक्षा मी चांगले डाव जास्त वाचायला हवे होते का? असेल कदाचित. मधूनमधून ही शंका येते आणि मी ती बाजूला सारते, कारण आता रंगांची सवय लागली आहे आणि झोपही चांगली लागते.

हल्ली दादा आणि मी फोनवर पटाशिवाय खेळतो. लिहायचं नाही, एवढा एकच नियम. दादा भराभर खेळतो आणि मी विचार करत असले की शिट्टी वाजवतो. परवाच्या डावात मधेच तो म्हणाला, ‘डी-६ वरचा उंट मारला.’ मी म्हटलं, ‘डी-६ वर माझा उंट नाहीये. तो ई-७ वर आहे.’ ‘अगं, तूच मघाशी हलवलास.’ ‘हलवणार होते. तेवढ्यात तू शह दिलास, म्हणून राजा हलवला.’ ‘शह मी त्याच्या आधी दिला होता.’ मग पहिल्या चालीपासून डाव परत म्हणायचं ठरलं. दहाव्या-बाराव्या चालीपर्यंत दोघं एका सुरात, आणि पुढे पुन्हा दोन वेगवेगळे डाव. दादा मागे हटायला तयार नाही, मीही नाही. शेवटी त्यानेच तोडगा काढला, की त्याने त्याच्या पटावर खेळायचं, मी माझ्या, आणि बघू कुठवर जातंय. मी हो म्हटलं. थोड्या वेळाने त्याने मोठ्या खुशीत माझा हत्ती मारल्याचं जाहीर केलं. माझ्या पटावर माझे दोन्ही हत्ती शाबूत आहेत आणि चाल माझी आहे.